येळवसेच्या आदल्या रात्री

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'शाळेने मला काय दिले'. माझ्या आधीच्या वक्त्यांनी शिस्त, संस्कार, शुद्धलेखन आणि छडी, सगळं सांगून टाकलंय. माझ्या वाट्याला काही उरलं नाही. म्हणून शाळेनं जे दिलं नाही, उलट जे करू नका म्हणून प्रार्थनेच्या वेळी बजावलं, त्याबद्दल बोलतो. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसलात. चाळीस वर्षांनी कबुली देतोय. आता अंगठे धरून उभं केलंत तर माझी कंबर तशीच राहील, एवढं लक्षात असू द्या.

मी माळेगावच्या तमाशाबद्दल बोलणार आहे.

इथं जमलेल्यांना माळेगाव सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईच्या सुना आणि जावई आले आहेत म्हणून सांगतो. नांदेडहून लातूरला निघालं की लोहा जातं आणि अहमदपूरच्या अलीकडे माळेगाव लागतं. लोहा तालुक्यातलं गाव. तिथं खंडोबा आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, लाल कंधारी आणि देवणी बैल, कुस्त्या, शंकरपट, सगळं त्या माळावर. आज आपला अर्धा वर्ग नांदेडला राहतो, अर्धा लातूरला, आणि मधोमध खंडोबा आहे, हा काही योगायोग नाही असं मी मानतो. बायको मानत नाही.

आता अडचण अशी, की चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या. म्हणजे वेळ अमावस्या, आपली येळवस. येळवसेला घरातलं झाडून सगळं माणूस शेतात पाहिजे. कडब्याची कोप करायची, पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे, खीर डोक्यावर घेऊन जायचं. आणि तमाशाचे फड नेमके आदल्या रात्री लागलेले. त्यामुळे आमच्यासारख्यांचा वार्षिक कार्यक्रम ठरलेला होता. घरी सांगायचं, 'पालखी बघायला जातो, मुक्काम मामाकडं.' रात्रभर तमाशा बघायचा. पहाटे मिळेल त्या ट्रकनं, दुधाच्या गाडीनं परत यायचं आणि नैवेद्याच्या आधी शेतात हजर व्हायचं. माझी माय बाकी काही विचारायची नाही. माझे डोळे बघायची आणि म्हणायची, "पालखी लई जागली वाटतं रातभर." आणि आंबिलीचं गाडगं पुढं करायची. आंबील प्यायली की मी कोपीच्या सावलीत जे आडवा व्हायचो, ते दिवस कलेपर्यंत.

पहिल्यांदा गेलो ते नववीत. आम्ही पाच जण होतो. पाचही जण आज इथं आहेत, पैकी दोघं आजोबा झालेत आणि एक जण सरपंच होता, त्यामुळे नावं घेत नाही.

तंबू लांबूनच दिसायचा. त्या आधी ऐकू यायचा, कारण जनरेटरचा आवाज आणि कर्ण्यावरची जाहिरात. बाहेर एका उंच फळीवर फडातल्या बायका आणि सोंगाड्या येऊन दोन मिनिटं झलक दाखवायचे, की तिकीट खिडकीवर झुंबड. आत कनातीला लागून शेकोटी, तिच्यावर हलगी तापवत बसलेला माणूस. हलगी तापली की तिचा आवाज चढतो. गारठ्यात तो माणूस दर अर्ध्या तासानं शेकोटीकडं पळायचा, आणि मी पहिल्या रात्री निम्मा वेळ त्याच्याकडंच बघत होतो.

आधी गण. मग गवळण. गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि ती मावशी, लुगडं नेसलेला मिशा काढलेला पुरुष. मावशी प्रेक्षकांतल्या कोणाला तरी धरायची आणि त्याची पिढ्यांची आब्रू काढायची. त्या वर्षी तिनं आपल्या गावच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याला धरलं, जो तोंडाला मफलर गुंडाळून बसला होता. मफलरमुळंच धरला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आणि आम्ही दुकानासमोर, दोघांनाही कळत होतं की दुसऱ्यानं आपल्याला पाहिलंय. त्यानं आम्हाला न मागता लिमलेटच्या गोळ्या दिल्या. दोन्ही बाजूंनी करार झाला, तो आजपर्यंत पाळलाय. तो आता हयात नाही, म्हणून सांगितलं.

मग बतावणी, सरदार आणि सोंगाड्याची. मग रंगबाजी, लावण्या आणि सिनेमाची गाणी. आणि मध्यरात्र उलटली की वग. खरी गंमत वगात. दोन-तीन तासांचं नाटक, पण लिहिलेलं थोडं आणि त्या रात्री सुचलेलं जास्त. सोंगाड्या समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन बोलतो. पुढं शेतकरी बसलेत का, पोलीस बसलेत का, पोरं बसलीत का, त्यावर वग वळतो. एकच वग आम्ही पाचांनी वेगवेगळ्या वर्षी सात वेळा पाहिलाय आणि सातही वेळा त्यातला सावकार वेगळ्या कारणानं मेला.

तुम्ही म्हणाल, ह्यात एवढं वेड लागण्यासारखं काय? मला नीट सांगता येणार नाही. माझा पुतण्या मँचेस्टरला नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसात साठीचा एक गोरा माणूस आहे, तो एका बँडचा असाच भक्त. 'द फॉल' नावाचा बँड. १९७६ साली तिथंच मँचेस्टरला सुरू झाला. वाजवणारे सतत बदलत राहिले, शेवटपर्यंत टिकला एकटा गाणारा, मार्क ई. स्मिथ. २०१८ च्या जानेवारीत तो गेला आणि बँड संपला. पण हे भक्त अजून भेटतात. कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणतं गाणं आधी झालं, त्या रात्री ढोल कोण वाजवत होतं, गाणारा किती पिऊन आला होता, ह्याच्या याद्या करतात, त्यावर भांडतात. पुतण्या हसत हसत सांगत होता, "काका, येडीच माणसं आहेत." मी त्याला म्हटलं, "त्या माणसाला माझा नमस्कार सांग. आणि विचार, तुमच्याकडं उचल देऊन माणसं घेतात का?"

कारण फडाचंही तेच असतं. फड दसऱ्याला बाहेर पडतो. त्याआधी मालक कलावंतांना उचल देतो, म्हणजे हंगामाचे पैसे आगाऊ. ज्यानं उचल घेतली तो त्या हंगामाला त्या फडाचा. पुढच्या साली दुसऱ्याची उचल घेतली की तो तिकडं. त्यामुळे फडाचं नाव तेच राहतं, पण नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या बदलतात. उन्हाळा तोंडावर आला की नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथं येऊन जत्रेची सुपारी देतात. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं आणि ट्रकांची रांग. मालकानं उचल देण्यासाठी स्वतः कर्ज काढलेलं असतं. पाऊस आला, निवडणूक आली, कोरोना आला, की कर्ज तसंच.

हे सगळं आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच कळायचं, की ह्या वर्षी तो ढोलकीवाला नाही आणि म्हणून गवळण पडली. ह्यावर आमच्यात भांडणं व्हायची. ती मिटवण्यासाठी आमच्यातल्या एकानं दहावीच्या वर्षी वही सुरू केली. हिशेबाची लाल खतावणी. ज्यानं केली तो नंतर बँकेत लागला, ह्यात नवल नाही. प्रत्येक यात्रेचं एक पान. तारीख, फड, वगाचं नाव, सोंगाड्या कोण, ढोलकी कोणाची, वग किती वाजता संपला, थंडी किती होती आणि शेवटी आमचं मत. मतं फार ठाम असायची. एका पानावर फक्त 'पैसे परत द्या' असं लिहिलंय. बँकेतल्या मित्रानं मोठा वग असला की जाहिरातीचं पत्रकही खळीनं चिकटवून ठेवलेलं आहे. १९८४ पासून २०१९ पर्यंतची पानं भरलेली आहेत. १९९३ चं पान कोरं आहे. सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, आमच्यातल्या एकाच्या घरची माणसं गेली, आणि त्या थंडीत माळेगावचा विषय कोणी काढला नाही. त्यानंतर कोरोनाची दोन.

आता घरच्यांचं. आमच्या घरात 'पिंजरा' चालायचा. शांतारामबापूंचा, १९७२ चा. आमचे वडील आईला घेऊन तो दोनदा बघून आले होते. त्यात तर आदर्श गुरुजीच तमाशाच्या नादानं वाया जातात. वडील म्हणायचे, केवढा मोठा बोध आहे. पण ज्याच्यावर सिनेमा काढला तो तमाशा बघायचा नाही. पडद्यावरची संध्या चालायची, तंबूतली बाई चालायची नाही. सर, तुम्ही सुद्धा आम्हाला डॉ. श्रीराम लागूंच्या अभिनयाबद्दल सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात माळेगावला कोण कोण गेलं होतं म्हणून उभं केलं होतं. आम्ही चौघं उठलो. पाचवा उठला नाही, तो नंतर सरपंच झाला.

आणि आपल्या वर्गातल्या मुलींना तर विचारणाराच कोणी नव्हता. काल रात्री जेवताना एक मैत्रीण मला म्हणाली, "तुम्ही निदान मार तरी खाल्लात. आम्ही देवाला जायचो आईसोबत, तंबूवरून जाताना आई पदर माझ्या तोंडावर धरायची. मला आजपण ढोलकी आली की तोंडावर पदराचा वास येतो." हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी उभा राहिलो, ते सांगतो.

नववीत आपल्या वर्गात एक मुलगा वर्षभरासाठी आला होता. काहींना आठवत असेल. दिवाळीच्या आधी आला, आजीजवळ राहायचा. खिडकीच्या शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी. गणितात हुशार. वर्गात कधी कविता म्हणायला लावली तर त्याचा आवाज असा लागायचा की बाई पुस्तक खाली ठेवायच्या. आईवडील काय करतात म्हटलं की सांगायचा, "कारखान्यावर असतात, उसाला." आपल्याकडं अर्ध्या वर्गाचे नातेवाईक उसाला जायचे, कोणी जास्त विचारलं नाही.

त्या पहिल्या रात्री माळेगावला, रंगबाजीत निळा शालू नेसलेली एक बाई आली. मी आयुष्यात जे काही पाहिलंय, त्यात ती पहिल्या तिनात आहे. नाचायची तर होतीच, पण ती उभी राहायची, नुसती उभी, आणि ढोलकी थांबायची, आणि हजार माणसांचा तंबू गप्प. आम्ही पाच जणांनी पाच पाच पैशांची, दहा दहा पैशांची नाणी फेकली. एकानं टोपी फेकली. टोपी परत आणायला मी मंचाच्या बाजूनं कनातीखाली घुसलो. तिथं पडद्याची दोरी धरून माझा बाकावरचा सोबती उभा होता. मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. तेवढ्यात ती बाई गाणं संपवून आत आली, धापा टाकत होती, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिथंच पत्र्याच्या पेटीवर बसली. तिनं मला विचारलं, "ह्याच्याच शाळेतला का रे बाळा?" मी हो म्हटलं आणि टोपी घेऊन पळालो.

येळवस झाली, शाळा भरली. मी कोणाला सांगितलं नाही असं मला फार दिवस वाटत होतं. पण मी सांगितलं होतं. एकाला. आणि एकाला सांगितलं म्हणजे शाळेला. दोन दिवसांत मधल्या सुट्टीत त्याच्या डब्याशेजारी कोणी बसेना. ह्यात तमाशा होता आणि जातही होती, दोन्ही. उगाच आज एकाचंच नाव घेऊन दुसरं झाकायला नको. मुलं त्याला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. माझ्या बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये दप्तर आलं. ते दप्तर माझं होतं. आणि ह्याच मुलांपैकी आम्ही पाच, दर शनिवारी मैदानाच्या कोपऱ्यात बसून त्याच्या आईच्या नाचाचं वर्णन करत होतो.

मार्चमध्ये तो आला नाही. दहावीच्या फोटोत तो नाही.

विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट फडांत सांगतात, तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत मंचावर आल्या, कारण बाहेर लोक थांबले होते. मग लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात जोडले. ही गोष्ट आम्ही पाच जण शेकडो वेळा एकमेकांना सांगितली आहे. नेहमी विठाबाईंच्या हिमतीची म्हणून. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेली बाई. जानेवारी २००२ मध्ये गेल्या, तेव्हा शेवटच्या आजारपणात उपचाराच्या पैशांची ओढाताण होती, ते सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. पण ती जी गर्दी बाहेर थांबली होती, तिच्यातला मी एक, असा विचार मी फार उशिरा केला.

२०२३ च्या यात्रेची गोष्ट. म्हणजे इंग्रजी तारखेनं ती २०२४ च्या जानेवारीत आली. तंबू आता पूर्वीसारखा रात्रभर चालत नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंधन, जत्रेपुरती थोडी सवलत. वग आखडला. रंगबाजीत ढोलकीपेक्षा कीबोर्ड जास्त. जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव वेगळा होतो, त्याला चांगली गर्दी असते, तिथं आता बायकाही येतात, हे चांगलं झालं. पण आम्ही तिकीट काढून तंबूतच जातो. आमच्या पुढच्या रांगेत एक माणूस एकटा बसला होता, माकडटोपी घातलेला. गवळण लागली आणि तो माणूस बसल्या जागी मान न हलवता, फक्त गुडघ्यावर बोटानं ताल धरून होता. सम आली की अंगठा. मला चाळीस वर्षांपूर्वीचा बाक आठवला. तो असाच बाकाच्या खालून वाजवायचा.

मी नाव घेतलं. त्यानं वळून पाहिलं आणि ओळखलं. मला वाटलं होतं उठून जाईल. तो म्हणाला, "टोपी सापडली का?"

तो एसटीत होता, आता निवृत्त. आईच्या फडात कधी गेला नाही, आईनंच जाऊ दिलं नाही. पण दर साली माळेगावला येतो. कुठल्याही फडाचा असो, तमाशा बघतो आणि आईला जाऊन सांगतो, कोणी काय केलं. आई आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहे, गुडघे गेलेत, डोळ्यांना कमी दिसतं. पण गवळणीत कोण कुठं चुकलं हे त्याच्या सांगण्यावरून ओळखते.

वृद्ध कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं. त्याचा अर्ज तिनं केला नव्हता, कारण पुरावा नाही. इतकी वर्षं कला सादर केली ह्याचे कागद लागतात: कात्रणं, पत्रकं, फोटो, प्रमाणपत्रं. तंबूत नाचणाऱ्या बाईला प्रमाणपत्र कोण देतं? फडाचे मालक वारले, फड मोडले. तो बोलता बोलता म्हणाला आणि आम्ही पाचही जण एकदम ओरडलो, "वही!"

पुढच्या रविवारी आम्ही नांदेडला बँकवाल्याच्या घरी जमलो. लाल वही काढली. १९८४ ते १९९५, बारा यात्रा, पैकी एक कोरी. उरलेल्या अकरांपैकी नऊ यात्रांत ती होती, वेगवेगळ्या तीन फडांत. आम्हीच तिच्या मागं फड बदलले होते. वहीत सगळं होतं. सोंगाड्यांची नावं होती. ढोलकीवाल्यांची, अगदी त्यांच्या गावासकट. जनरेटर कितीदा बंद पडला ते होतं. आणि तिच्या जागी प्रत्येक पानावर लिहिलं होतं, 'निळा शालू'. पुढं 'निळा शालू (आज हिरवा)'. एका ठिकाणी 'नि. शा. आली नाही, मजा नाही'.

नऊ वर्षं. आमच्यातल्या एकानंही तिचं नाव लिहिलं नव्हतं. विचारलंच नव्हतं. मला तर माहीत असायला हवं होतं. मी तिच्या मुलाच्या शेजारी बसत होतो.

तो वही बघत बसला होता. आम्ही कोणी बोलत नव्हतो. आतून वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी वातावरण बघितलं आणि ट्रे ठेवून परत गेल्या. तो पानं उलटत उलटत म्हणाला, "आईला हे वाचून दाखवलं तर लई खूश होईल. हिरवा शालू तिला आठवत असेल, तो उसना होता."

मग आम्ही चिकटवलेली पत्रकं भिंगातून बघितली. दोन पत्रकांवर खालच्या ओळीत, बारीक अक्षरात, इतर सहा जणींसोबत तिचं नाव छापलेलं निघालं. फडात लावायचं नाव, आधार कार्डावरचं नाही. खळीवर झुरळं लागलेली, पण नाव शाबूत. त्या दोन पत्रकांच्या प्रती, आम्ही पाच जणांची प्रतिज्ञापत्रं की अमुक साली अमुक ठिकाणी आम्ही ह्या बाईंना कला सादर करताना पाहिलंय, आणि दोन नावं एकाच व्यक्तीची असल्याचा कागद, असं सगळं जोडून अर्ज दिलाय. आमच्या सरपंचांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. म्हणजे नववीत उठला नाही तो आता उठला. अर्ज अजून समितीपुढे आहे.

आम्ही तिला भेटायला गेलो होतो. पाच म्हातारे, हातात एक साडी. निळी आणावी का नाही ह्यावर दुकानात अर्धा तास वाद झाला, शेवटी निळीच आणली. आम्ही वळून नमस्कार केला. तिनं एकेकाचा चेहरा हातानं चाचपला आणि विचारलं, "ह्यातला टोपी नेणारा कोणता?" मी पुढं झालो. ती म्हणाली, "बाळा, त्या दिवशी तू पळालास. पाणी तरी पिऊन जायचं." मी तिथं काय बोललो ते मला आठवत नाही. बँकवाला म्हणतो, मी काहीच बोललो नाही.

नंतर वही वाचून दाखवली. १९८७ च्या पानावर आम्ही लिहिलं होतं, 'गवळण लांबली, नि. शा. दमलेली वाटली.' ती लगेच म्हणाली, "ताप होता. आणि लांबली नव्हती, ढोलकीवाला घाईत होता." ह्यावर आमच्यातल्या दोघांनी तिच्याशी वाद घातला. बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत की वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये, पण तिला फार आवडलं. ती तासभर बोलत होती. वहीच्या समासात बँकवाला आता तिच्या दुरुस्त्या लिहितोय, वेगळ्या शाईनं. १९९१ पर्यंत झालंय.

शेवटी दोन सूचना आणि खाली बसतो.

पहिली. ह्या स्मरणिकेच्या मागे आपल्या तुकडीच्या नावांची यादी छापली जाणार आहे. समितीनं ती दहावीच्या परीक्षेच्या यादीवरून केली होती. मी आणि चौघांनी विनंती केली की नववीत जे आपल्यासोबत बसले त्यांचीही नावं घ्यावीत, काही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, काही पोरं कामाला लागली होती. समितीनं मान्य केलं. त्यामुळे यादीत अकरा नावं वाढली आहेत. त्याला मी विचारलं होतं. तो म्हणाला, नाव यादीत घाला, भाषणात नको. म्हणून अकरांपैकी तो कोणता, हे कृपा करून शोधत बसू नका. ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय.

दुसरी. यंदाच्या यात्रेला मिनीबस ठरवली आहे. शाळेच्या फाटकापासून चतुर्दशीला दुपारी चार वाजता निघेल. मैत्रिणींसाठी पुढच्या दहा जागा राखून ठेवल्यात, त्यातल्या सात काल रात्रीच भरल्या. तंबूत गारठा असतो, घोंगडी ज्यानं त्यानं आणावी. परत येताना सरपंचांच्या शेतात येळवस आहे, भज्जी-आंबील त्यांच्याकडं. सर, तुम्हाला खिडकीची जागा ठेवली आहे.